वेळ मिळाला की

फार पूर्वी एका ओढ्याकाठच्या बांधात घूस आणि उंदरीण आपापल्या पिल्लांसह शेजारी राहत. प्रत्येकीच्या बिळाला एकच तोंड होतं. "मागून दुसरी वाट हवी गं," उंदरीण म्हणाली, "मी रोज थोडा वेळ काढते." घूस म्हणाली, "मीही खोदीन, वेळ मिळाला की."

उंदरीण रोज थोडी माती उकरायची. घूस वेळ मिळायची वाट बघत उन्हात पडून राहायची.

एके दुपारी दोघी दाणे वेचून परतल्या, तर बांधात नाग शिरलेला. उंदरिणीची पिल्लं मागच्या वाटेनं केव्हाच पळाली होती. घुशीच्या बिळातून मात्र नाग सावकाश बाहेर पडत होता. त्याचं पोट फुगलं होतं.

घूस जागच्या जागी थिजली. तिनं विचारलं, "कितीसं खणायचं होतं गं?"

"हातभर," उंदरीण हलकेच म्हणाली.