घाटातलं गाढव

“हजार माणसांची वर्गणी जमव! पण कुणापुढं हात पसरायचा न्हाई, खेळ कुणाला दाखवायचा न्हाई, आन् त्याचं कौतुक तर तोंडातनं काढायचंच न्हाई. हाय कबूल?”

रावसाहेब शिरगुप्पे खुर्चीत रेलून वैजूकडे बघत होते. फाउंड्रीचे मालक, शहरातलं बडं प्रस्थ आणि हट्टाला पेटले की ब्रह्मदेवाच्या बापाचंही न ऐकणारे! एकेकाळी हौसेपोटी त्यांनी कॉम्प्युटरवरचा एक खेळ काढला होता, ‘घाटातलं गाढव’. मिठाच्या गोण्या लादलेलं गाढव घाटावर चढवायचं, मधेच बसलं की उठवायचं, एवढंच. कल्पना वैजूच्या वडिलांची, म्हणजे ईश्वरा पेंटरची, आणि चित्रंही त्याचीच. पण खेळाला कुणी विचारलं नाही. रावसाहेबांनी मूळ सीडी तिजोरीत कोंबली आणि ईश्वरा पुन्हा दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला. तेव्हापासून रस्त्यात गाढव दिसलं की तो मान वळवायचा, आणि वैजूला ते बघवायचं नाही.

आता पुण्याची दोन पोरं तोच खेळ मोबाइलवर आणि टीव्हीवर आणायला तयार होती. त्यांना खर्चापुरते पैसे हवे होते आणि तिजोरीतली ती सीडी. तीच मागायला वैजू आली होती.

“कबूल!” वैजू म्हणाली.

ती इतक्या पटकन तयार झाली हे रावसाहेबांना काही रुचलं नाही. “थांब! त्या हजारात एक गडी असा पायजे, ज्यानं जन्मात कुणाला वर्गणी दिलेली न्हाई!”

मॅनेजर पाटगावकरांना एकदम खोकल्याची उबळ आली. असा गडी शहरात एकच होता आणि तो समोरच बसला होता. गणपतीची वर्गणी मागणारी पोरं त्याच्या फाटकावरून चपला हातात घेऊन जायची.

“आन् जमलं न्हाई, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भट्टी पेटंल, तवा पयली आहुती तुझ्या बापाच्या खेळाची!”

 वैजू पेंटरची पोर होती. तिनं घरी जाऊन ब्रश आणि डबे उचलले.

वरची पेठ आणि खालची पेठ यांच्या मधोमध चौकात एक मोकळी भिंत होती. या दोन पेठांचं सख्य असं, की एकीनं ढोल आणले की दुसरी ताशे आणून मोकळी! त्या भिंतीवर वैजूनं घाटात फतकल मारून बसलेलं गाढव रंगवलं आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘हे गाढव अजून कुणाच्यानं उठलेलं नाही. उगाच नाद करू नका!’

वरच्या पेठेच्या तालमीचे बंडा वस्ताद सकाळी दुधाला निघाले होते. ते तिथंच थबकले.

“काय गं, ह्यो काय प्रकार?”

“जुना खेळ हाय, वस्ताद. नव्यानं आणायचा म्हंत्यात, पण कशाला? लई किचकट हाय. तुमच्या पोरांच्यानं न्हाई व्हायचं.”

“न्हाई व्हायचं? आमच्या पोरांच्यानं?” वस्तादांनी खिशात हात घातला. “ही घे वर्गणी! आण तो खेळ!”

“नगं वस्ताद. खालच्या पेठेनं पण हाय खाल्ली असती.”

“त्यांचं सोड! पयलं नाव आमच्या तालमीचं लिव्ह!”

वैजूनं कुरकुरत गाढवाच्या खुराखाली नाव लिहिलं. दुपारपर्यंत खालच्या पेठेला बातमी लागली. संध्याकाळी त्यांची अख्खी गल्ली रांग लावून उभी! वैजू “नगं, नगं” म्हणत राहिली आणि लोक नोटा तिच्या डब्यात कोंबत राहिले. दसऱ्यापर्यंत नऊशे नव्याण्णव नावं झाली आणि भिंतीवर मुंगीला शिरायला जागा उरली नाही. फक्त शेपटीखाली एक चौकोन कोरा होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रावसाहेब सीडी घेऊन चौकात आले. सगळं शहर लोटलं होतं. त्यांच्यासाठी खुर्ची मांडली गेली.

“चित्र दावलंस!” ते गरजले.

“भिंत दावली, रावसाहेब. खेळ तर तुमच्या तिजोरीत हुता. आन् कौतुक कुठलं, मी तर नावंच ठेवली!”

“बरं. मग त्यो चौकोन कुणाचा?”

“जन्मात वर्गणी न दिलेल्या गड्याचा.”

“मग त्यो ऱ्हाणार कोराच! पाटगावकर, भट्टी पेटवायला सांगा!”

गर्दीत उभ्या ईश्वरानं डोळे मिटले. वैजूनं मात्र शांतपणे ब्रशचा रंग पुसला.

“खरं हाय तुमचं. तुमी देऊच नका. तुमच्यानं कुठं उठलं हुतं ते गाढव? केबिनचं दार लावून बसायचासा, आन् भाईर नुसता कीबोर्ड आपटल्याचा आवाज! बाबा सांगतात की.”

चौकात खसखस पिकली. रावसाहेबांचा चेहरा भट्टीसारखा तापला.

“कोण म्हंतं न्हाई उठायचं? आत्ता उठवून दावतो!”

“कशावर, रावसाहेब? जुना कॉम्प्युटर तर तुमी भंगारात घातलासा.”

“मग आणा की मोबाइलवर!”

“आणला असता. पण एक वर्गणी कमी पडती, आन् मी तर मागायची न्हाई!”

रावसाहेब ताडकन उठले. खिशातून नोट काढली आणि डब्यावर आपटली. “ही घे! लिव्ह माझं नाव!”

 बंडा वस्तादांनी अशी शिट्टी ठोकली की कबुतरं उडाली! रावसाहेबांनी डब्यावरची नोट पाहिली, स्वतःचा हात पाहिला.

“पोरी... न मागता हे केलंस कसं?”

“खेळातच हाय ते. गाढवाला ढकललं, टोचलं, की ते आणखी फतकल मारतं. आपण पाठ फिरवली...”

“की?”

“की आपलं आपणच उठतं. बघा की, मागं खुर्ची मोकळीच हाय!”

रावसाहेबांनी मागं वळून रिकामी खुर्ची पाहिली. क्षणभर त्यांच्या मिशा थरथरल्या आणि मग ते असे हसले, असे हसले, की पाटगावकरांना त्यांना धरावं लागलं! डोळे पुसत त्यांनी सीडी स्वतःच्या हातानं ईश्वराच्या ओंजळीत ठेवली. “खेळ तुजा, ईश्वरा. आन् पुण्याच्या पोरांना बसायला माझ्या हापिसाचा वरचा मजला!”

मग वैजूच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, “नाव तेवढं तोंडाकडं लिव्ह गं. शेपटीखाली नगं!”