हात पडला

“मग माझ्यात कमी काय आहे, आत्या?”

चांगुणा आत्या मिश्री लावत होती. तोंडात बोट असताना ती कुणालाच उत्तर देत नसे.

मोहना दाराशी उभी राहिली.

“आवाज माझा मोठा. गिऱ्हाईक मी लांबून ओळखते. दस्तगीरभाईंनी नुसती भुवई हलवली तरी मला कळतं, अजून चढतील की थांबतील ते. तुला तर आता भुवई दिसतही नाय. मग मोठ्या होड्यांचा पुकार अजून मला का नाय?”

आत्याने बोट दुसऱ्या बाजूच्या दातांवर नेलं.

खारवेळ बंदरावर होडी लागली की मासळीचा लिलाव वाळूतच होतो. तिथे त्याला पुकार म्हणतात. पुकार पावशांच्या घरात होता, आणि त्या घरातही बायकांकडे. आधी आत्याच्या आजीकडे, मग आईकडे, मग आत्याकडे. आत्याला मूलबाळ नव्हतं. भावाच्या माघारी त्याची दोन्ही मुलं तिनेच वाढवली. थोरला जयवंत होडीवर गेला. धाकटी मोहना आत्याच्या शेजारी वाळूत उभी राहिली.

तिथली रीत साधी होती. ढिगाभोवती लोक जमत. भाव चढत जाई. कुणी पुढे बोलेनासं झालं की पुकारणारी म्हणे, एक वार... दोन वार... आणि तीन वार म्हणताना वाकून मासळीवर हात ठेवी. हात पडला की माल गेला. पावती नाही, सही नाही.

पावशांचा पडलेला हात देवसुद्धा उचलत नाही, असं त्या किनाऱ्यावर म्हणत. मोहना हे लहानपणापासून ऐकत आली होती. दरवेळी ऐकताना तिची मान जराशी ताठ होई.

आत्याने चूळ भरली. पदराने तोंड पुसलं.

“तुझ्यात कमी काय नाय.”

“मग?”

“मी कमी शोधतेय असं तुला कुणी सांगितलं?”

मोहना दार सोडून आत आली.

“जयवंताची होडी सकाळी लागेल,” आत्या म्हणाली. “तिचा पुकार तू कर.”

“दादाच्या होडीचा? घरच्या होडीवर घरच्या माणसानं पुकारायचं नसतं. पलीकडच्या वाड्यातल्या शेवंताबाईला बोलवायचं असतं. तूच सांगितलंस ना?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

“आता हे सांगते.”

“लोक काय म्हणतील?”

“ते लोकांना विचार.”

...

सकाळी होडी लागली तेव्हा जयवंत गुडघाभर पाण्यातूनच ओरडत आला. चेहऱ्यावर रात्रभराचं मीठ होतं, आणि तो हसत होता.

“घोळ! मोहना, घोळ लागली!”

चौघांनी मिळून ती वाळूत आणून ठेवली. माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा मासा. उन्हात त्याची पाठ तांब्यासारखी चमकत होती. घोळीच्या मांसाला भाव असतोच, पण तिच्या पोटातल्या पिशवीला दूरदेशी सोन्यासारखी मागणी असते. अशी घोळ ज्याच्या जाळ्यात येते त्याचं नाव पुढची कित्येक वर्षं बंदरावर घेतलं जातं.

बघता बघता गर्दी जमली.

मोहना पुढे झाली. ओढणी कमरेला खोचली.

मागून कुणीतरी बोललंच, “आज घरचाच पुकार वाटतं.”

दुसरा हसला. “मग काय, बहीणच भाव लावणार.”

मोहनाने मान वळवली नाही, पण तिचे कान तापले.

तिने पुकार सुरू केला. तिचा आवाज खरंच चांगला होता. लाटेच्या वरून जाई आणि कुठेही फाटत नसे. भाव चढला. साठ हजार. सत्तर. दस्तगीरभाई मुकादम, पांढऱ्या दाढीचे जुने व्यापारी, नेहमीसारखे एका बाजूला उभे होते. त्यांनी भुवई हलवली.

“ऐंशी,” मोहना म्हणाली. “ऐंशी हजार दस्तगीरभाईंचे. पुढे?”

कुणी बोललं नाही.

जयवंत जवळ सरकला. हळूच म्हणाला, “जरा थांब. शहरातले दोघे व्यापारी वाटेत आहेत. घाटात टेम्पो अडकलाय. फोन आला होता, पोचतीलच आता.”

तसं थांबता येत होतं. मोठा मासा असला की आत्या थांबायची. इतरांच्या होड्यांवर मोहनाही थांबली होती, आणि कुणाची हरकत नव्हती.

पण मागचं हसू अजून तिच्या कानात होतं.

“एक वार,” ती म्हणाली.

“मोहना...”

“दोन वार.”

जयवंतने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

“तीन वार!”

तिने वाकून घोळीच्या पाठीवर हात ठेवला.

लोकांमध्ये कुजबूज झाली. भाऊ असूनही थांबली नाही, असं कुणीतरी म्हणालं. मोहनाने ते ऐकलं. तिला बरं वाटलं.

तेवढ्यात गर्दीच्या पाठीमागून आवाज आला.

“सव्वा लाख.”

सगळे वळले.

चांगुणा आत्या उभी होती. चपला हातात, पाय वाळूत.

तिला तिथे स्वतःसाठी भाव बोलताना आजवर कुणी ऐकलं नव्हतं. ती भाव घ्यायची, द्यायची नाही.

“सव्वा लाख,” ती पुन्हा म्हणाली. “माझे. रोख.”

मोहनाचा हात घोळीवर होता.

“आत्या... हात पडलाय.”

“दिसतंय मला.”

जयवंत पुढे आला. “मोहना, हात उचल. आत्या बोलतेय.”

ती हलली नाही.

दस्तगीरभाईंनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. ते भले माणूस होते. आत्याच्या आईच्या वेळेपासून त्या वाळूत येत होते.

“बाय,” ते मोहनाला म्हणाले, “वाद नको. आत्यांची इच्छा आहे तर माझं काही म्हणणं नाही. मी सोडला. घेऊ देत त्यांना.”

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आता कुणाचंच नुकसान नव्हतं. भावाला भाव मिळत होता, आत्याला मासा मिळत होता. ज्याचा हक्क होता तो स्वतःच मोकळा करत होता. फक्त एक हात उचलायचा होता.

मोहना म्हणाली, “भाई, तुमचा आहे म्हणूनच सोडता येतोय ना तुम्हाला?”

दस्तगीरभाईंनी मान डोलावली.

“मग तो तुमचाच आहे. घरी न्या. वाटलं तर दारात नेऊन आत्याला वाटेल त्या भावाने विका. इथे नाय. इथला पुकार झाला.”

“मोहना!” जयवंतचा आवाज फुटला. “अख्ख्या मोसमाची कमाई आहे ती! माझीच नाय, होडीवरच्या सगळ्यांची!”



आत्या दोन पावलं पुढे आली. गर्दी आपसूक बाजूला झाली.

“मी सांगते,” आत्या म्हणाली. “उचल हात.”

त्या बंदरावर आत्याला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. मोहनाने तर नाहीच नाही. उभं कसं राहायचं, श्वास कुठे घ्यायचा, कुणाच्या डोळ्यात पाहायचं आणि कुणाच्या नाही, हे सगळं तिला आत्यानेच शिकवलं होतं.

 

मोहनाने दुसरा हात पहिल्या हातावर ठेवला, आणि दोन्ही हातांनी तो मासा दाबून धरला.

“आत्या,” ती म्हणाली, “पुकार संपला.”

...

आत्याने तिच्याकडे पाहिलं. मग जयवंतकडे. मग वळली आणि वाळू तुडवत घराकडे निघाली. पाठ ताठ होती.

घोळ दस्तगीरभाईंच्या गाडीत चढली. थोड्या वेळाने शहरातले व्यापारी आले, रिकामी वाळू पाहून परत गेले. जयवंत जाळं आवरत बसला. 

दुपारी मोहना घरी आली. आत्या चुलीपुढे बांगडे भाजत होती.

“मी चुकले?”

“कुठे?”

“घाई केली. दुसऱ्या कुणाची होडी असती तर थांबले असते.”

“हो. घाई केलीस.”

“लोक हसत होते... त्यांना दाखवायचं होतं की मी दादाची बाजू घेत नाय.”

आत्याने बांगडा उलटा केला.

“घोळीचा पुकार नव्हताच तो. तू तुझाच पुकार करत होतीस.”

मोहनाला ते झोंबलं. ती भिंतीला टेकून बसली.

“मग मी हात उचलायला हवा होता?”

“नाय.”

“चूक माझी होती तरी?”

“पडला होता ना हात?”

“पडला होता.”

“मग?”

चुलीतलं लाकूड तडतडलं. आत्याने ताट घेतलं. भात वाढला, वर बांगडा ठेवला, बाजूला सोलकढीची वाटी.

“हे जयवंताला नेऊन दे.”

“तो भांडेल.”

“भांडू दे. त्याचं खरं आहे.”

मोहना ताट घेऊन किनाऱ्यावर गेली. जयवंत भांडला. त्याचा आवाज पार वरच्या वाडीपर्यंत ऐकू आला. तुझ्या तोऱ्यापायी माझ्या माणसांच्या तोंडचा घास गेला, तो म्हणाला. परक्यासाठी थांबतेस, भावासाठी थांबली नाहीस. मोहनाने एकही शब्द खोडला नाही. “माझी चूक आहे, दादा,” एवढंच म्हणाली. “पण हात उचलणार नव्हते.”

तो बघत राहिला. मग ताट पुढे ओढलं.

“सोलकढी आंबली नाय ना?” त्याने विचारलं.

...

दुसऱ्या दिवशी आत्या वाळूत उतरली नाही.

मोठी होडी लागली होती. टोपल्या उतरल्या, सुरमई आणि हलवा बर्फात मांडला गेला, व्यापारी जमले. सगळे वाट पाहू लागले.

होडी चालवणारा तांडेल वर पाहत म्हणाला, “आत्या कुठे?”

आत्या वर बांधावर बसली होती, सगळ्यांकडे पाठ करून. समोरच्या माडावर कुणीतरी नारळ काढत होतं, ते पाहत.

तांडेल काही वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिला. मग मोहनाकडे वळला. त्याने स्वतः खाली वाकून पहिली टोपली तिच्या पायाशी सरकवली.

 मोहनाने ओढणी खोचली आणि पुकार सुरू केला.

त्या मोसमात खारवेळला नवे व्यापारी येऊ लागले. काही पार दुसऱ्या खाडीवरून येत. वाळूत उतरले की आधी विचारत, “भावाच्या मासळीवरून हात उचलला नाही ती कोण?” लोक बोट दाखवत. दाखवताना त्यांच्याही माना ताठ होत.

पुढे एकदा जयवंतची होडी भरून आली. रीतीप्रमाणे शेवंताबाई पुकाराला उभी राहिली. जयवंतने तिला हात जोडले.

“बाई, राग नको. आज आमची मोहना करेल.”

“आणि तिने पुन्हा तसंच केलं तर?” शेवंताबाईने विचारलं.

“करेल तर करेल.”

मोहना पुढे आली. भाव चढला, अडला. मागून कुणीतरी खाकरलं. तिने रस्त्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “शहराचा टेम्पो वळणावर दिसतोय. सगळ्यांसाठी थांबते, तसंच आज थांबणार आहे. कुणाला हसायचं असेल तर तेवढ्यात हसून घ्या.”

सगळे हसले. ती पण हसली.

त्या दिवशी घरी परतताना ती बांधावर आत्याशेजारी बसली. दोघी समुद्राकडे बघत होत्या. ओहोटी लागली होती. बगळे ओल्या वाळूत उतरत होते.

बऱ्याच दिवसांपासूनची गोष्ट तिच्या मनात होती.

“आत्या, एक विचारू?”

“विचार.”

“त्या घोळीच्या वेळी... तू सव्वा लाख बोललीस, हात उचल म्हणालीस. ते मुद्दाम ना? मला पारखायला?”

आत्याने चपलांतली वाळू झटकली.

“दादाच्या होडीचा पुकार मला दिलास तेव्हाच ठरवलं होतंस ना सगळं?”

“घोळ लागेल हे मला कुठून ठाऊक?”

“मग ऐनवेळी सुचलं. पण परीक्षाच होती. मी हात उचलला असता, तर मला पुन्हा कधी पुकारू दिलं नसतंस. होय ना?”

आत्याने डोळे बारीक केले. ओल्या वाळूवरचं ऊन तिच्या सुरकुत्यांत शिरलं होतं. ती हसली की नाही, ते कळलं नाही.

“परीक्षा कसली गो,” ती म्हणाली. “मासा फार चांगला होता.”