गुदमरल्याचं सोंग

नगर नव्हतं की राजा नव्हता. एका मूत्रपिंडात दोन शेजारणी पेशी राहत आणि मिळून रक्त गाळत.

एके दिवशी धाकटीने काम सोडलं नि "गुदमरतेय हो!" असा टाहो फोडला. भोळ्या रक्ताने हवा पोचवायला तिच्या दारापर्यंत नवा पाट खोदला.

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. हवा तर भरपूर आहे! मग ही पोतंभर साखर घेऊन, हवा नसल्यासारखी, अर्धवट का जाळते? घरात चरबी का साठवते? आणि हिची लेकरं तरी किती, दारात गाठच झालीय त्यांची!

"अगं, गुदमरणारी कधी असं बाळसं धरते का?"

"जळतेस माझ्यावर, ताई!" म्हणत धाकटी पुन्हा ओरडली. आणखी पाट आले.

शेवटी थोरलीचाच श्वास कोंडला. तिने हाक मारली.

"थांब हं," रक्त दारावरून पुढे जात म्हणालं, "आधी त्या बिचारीला देऊन येतो."