अनंताचं ताक

घरोघरी बंबात पाणी तापायचं, तेव्हाची ही गोष्ट. कुमुदकाकूंच्या अंगणात शेवंती आणि अनंत शेजारी-शेजारी कुंड्यांत राहायचे. काकू बंबातली राख शेवंतीला घालायच्या आणि उरलेलं आंबट ताक पाणी मिसळून अनंताला.

"तिला पावडर, आणि मला शिळं ताक!" अनंत रोज कुरकुरायचा.

शेवंतीला त्याची दया आली. वारा सुटला की ती अंग हलवून आपली राख त्याच्या कुंडीत उडवू लागली. अनंत खूश झाला. पण हळूहळू त्याची पानं पिवळी पडली आणि कळ्या न उमलताच गळू लागल्या.

काकूंनी त्याची माती बोटांनी उकरली. "अगं बाई, राख! अरे, तुझ्या मुळांना आंबटच लागतं. राखेत ती उपाशी राहतात." त्यांनी वरची माती बदलली, कुंडी लांब ठेवली आणि पुन्हा ताक सुरू केलं.

पुढे अनंत असा फुलला की सगळी आळी दरवळली. शेवंतीने लांबूनच हाक मारली, "मलाही घोटभर ताक दे ना रे!"

"छे!" अनंत हसून म्हणाला, "तू मला फार आवडतेस."