ठकूबाईची सलामी

फार वर्षांपूर्वी, खडकवेढे गावाला रस्ता नव्हता, नुसती खिंड होती, तेव्हाची ही गोष्ट. लहान असाल तर पुढे सरका, मोठे असाल तर मागे बसा. हसायचं असेल तर माझ्याबरोबर हसा. ठकूबाईला हसायचं असेल तर आत्ताच उठा. तिला एकदा सगळं गाव हसून झालंय, आणि पुढे काय झालं तेच मी सांगणार आहे.

ठकूबाई धनगराची. नवरा गेला तेव्हा घरात एक माग होता आणि कडेवर बना नावाची पोर होती. बाईनं मागावर बसू नये असं सांगायला बरेच जण आले. ठकूबाईनं त्यांचं ऐकून घेतलं आणि ती मागावर बसली. काळी घोंगडी विणायची, चिंचोक्याची खळ द्यायची, उन्हात ताणून वाळवायची. तिची नवी घोंगडी जमिनीवर उभी केली तर शहाण्या माणसासारखी उभी राहायची, असं म्हणतात. खिंडीच्या पलीकडे पेठ होती, तिथे आठवड्याचा बाजार भरायचा. गावच्या बायका घोंगड्या, लोकर, लोणी घेऊन खिंडीतून जायच्या आणि दिवस कलायच्या आत परतायच्या. घरात स्वतःच्या हातानं आणलेलं मीठ असलं की बाईचा आवाज जरा वर चढतो. खडकवेढ्याच्या बायकांचे आवाज तेव्हा चांगले चढे होते.

गावाला दुसरा अभिमान होता तो तालमीचा. तांबड्या मातीचा आखाडा, कोनाड्यात मारुती, भिंतीला लाठ्या आणि पट्टे. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हातात चढवायची लांब लवलवती तलवार. सुभानराव उस्ताद डोळ्यांवर फडकं बांधून पट्टा फिरवायचे आणि पोराच्या तळहातावर ठेवलेलं लिंबू बरोबर मधोमध कापायचे. तळहाताला ओरखडा नाही. जत्रेत लोक तोंडात बोटं घालायचे.

त्या तालमीत बाईची सावली चालायची नाही. पण तालमीच्या मागच्या भिंतीवर शेण्या थापलेल्या चालायच्या! ठकूबाई तिथेच शेण्या थापायची, आणि भिंतीला एक भोक होतं. शेण्या थापायला एवढा वेळ लागत नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण शेण्या थापणाऱ्या बाईकडे बघतो कोण? वर्षानुवर्षं तिनं सगळं पाहिलं. पाय कसा रोवतात, मनगट कुठून वळतं, दम कसा राखतात. आणि सलामीही पाहिली.

सलामीची रीत अशी होती. गडी आखाड्यात उतरला की माती कपाळाला लावायचा, मारुतीला वाकायचा, उस्तादांना वाकायचा, मग समोरच्या गड्याला वाकायचा. तोवर समोरचा थांबायचा. सलामी पुरी व्हायच्या आधी कुणी कुणाला हात लावल्याचं गावाच्या आठवणीत नव्हतं.

एका साली खिंडीत वाटमारे येऊन बसले. आधी त्यांनी लोणी लुटलं, मग पायांतले वाळे. नंतर बायकांच्या पदराला हात घातला. बायका पाटलाकडे गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला लाठी शिकवा. चावडी खदखदून हसली.

"तुम्ही कशाला शिकताय?" उस्ताद म्हणाले. "आम्ही मेलोय का? पुढल्या बाजारी माझे गडी येतील सोबत."

आले. निवडक गडी, तेल लावलेल्या लाठ्या, डोक्याला लाल पटके. बायका मधे, गडी भोवती, अशी वरात खिंडीत शिरली. वाटमारे दगडांमागून उतरले. तेव्हा तालमीच्या गड्यांनी पहिलं काम काय केलं असेल? माती शोधली! खिंडीत कुठली माती, सगळा मुरूम. तरी चिमूटभर मुरूम उचलून कपाळाला लावला, आणि ते वाकले.

वाटमारे थांबले नाहीत. वाकलेल्या मानांवर सोटे बसले. जे एक-दोघे उभे राहिले त्यांनी लाठी फिरवायला घेतली, ती खिंडीच्या कातळाला आपटली आणि हातातून निसटली. मग बायका लुटल्या गेल्या. बना तोवर मोठी झाली होती, तीही त्यांत होती. तिच्या कानातली बुगडी काढत कोण बसतो, वाटमाऱ्यानं ओढली, कान फाटून रक्त गळ्यापर्यंत आलं.

संताप इथे येतो मला. गडी गावात परतले ते रडत नव्हते, रुसले होते. "त्यांना रीतच ठाऊक न्हाई वो! सलामी पुरी होऊ दिली न्हाई! असली कुठं मारामारी असती व्हय?" घरोघरी त्यांच्या मानेला हळद लागली, गरम दूध मिळालं. बनाच्या कानाकडे कुणी पाहिलं नाही. चावडीवर जे ठरलं ते ऐका. ठरलं की आजपासून बायकांनी खिंड ओलांडायची नाही. घोंगड्या पुरुष विकून आणतील. बाया घरात राहिल्या म्हणजे त्यांना कुणी हात लावणार नाही.

ठकूबाई चावडीच्या पायरीवर चढली. "म्हंजे खिंड चोरांची, बाजार तुमचा, आन् आमच्या वाट्याला चूल? माझ्या पोरीचा कान फाटला, तर शिक्षा माझ्याच पोरीला?"

"ठके, खाली उतर," पाटील म्हणाला.

"उतरते. पर उस्तादांना इचारायचंय. उस्ताद, ते लिंबू कधी उलटून मारतं का वो?"

आता कुणी हसलं नाही. उस्तादांचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. "बाई, मला हात लावून दाखव. मग बोल."

"लावते. येत्या अवसेच्या आत तुमास्नी आडवं करते. केलं तर बायकांना शिकवायचं आन् आमची आमी खिंड ओलांडायची. न्हाई जमलं तर ही ठकू जल्मात शिवंबाहेर पाऊल टाकणार न्हाई. माझी बनाबी न्हाई."

तेव्हा मात्र गाव हसलं. पोट धरून हसलं. पण ठकूबाईनं काय पणाला लावलं होतं ते बायकांना कळलं होतं. शिवेबाहेर पाऊल नाही म्हणजे पेठ नाही, आणि पेठ नाही म्हणजे माग कोपऱ्यात जाणार. मग मायलेकींनी दिराच्या दारात भाकरी मागायची. बायका हसल्या नाहीत.

उस्ताद पट्टा चढवून हिंडू लागले. जेवतानाही डावा हात ताटात आणि उजव्यात पट्टा, असं म्हणतात. ठकूबाई आपली मागावर. दिवसामागून दिवस गेले, ती काही येईना. उस्तादांना वाटलं, भ्याली. मग एका सकाळी ते पट्टा खुंटीला टांगून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन ओढ्याकाठच्या बाभळींकडे निघाले. कशाला निघाले ते मी सांगायची गरज नाही.

ते धोतर सावरून खाली बसणार, तोच मागून काळी रात्र अंगावर पडली. खळ दिलेली नवी कोरी घोंगडी, डोक्यापासून कमरेपर्यंत! हात आतल्या आत अडकले. नडगीवर काठीचा एकच फटका बसला आणि उस्ताद तांब्यासकट आडवे झाले.

"अगं ए! आधी सावध तरी करायचं!" घोंगडीतून आवाज आला.

"खिंडीतले सावध करत्यात?" ठकूबाईनं विचारलं.

मग आतून हळू आवाज आला, "गावात सांगू नको, ठकूबाई."

"सांगणार," ती म्हणाली, आणि घोंगडी तिथेच सोडून सांगत सांगत घरी गेली.

आमच्या गावचे पुरुष गोष्टीचा हा भाग गाळतात. ते सांगतात की उस्तादांना स्वप्नात मारुती दिसला आणि त्यानं बायकांना शिकव म्हणून आज्ञा केली. मारुतीला कशाला मधे घालता? स्वप्न नव्हतं ते, घोंगडी होती. पण एक मात्र मी उस्तादांच्या बाजूनं सांगेन, कारण खरं आहे. पंचांनी पुन्हा सावलीची अडचण काढली तेव्हा तोच गडी उठून म्हणाला, "बाई तालमीत येत न्हाई ना? मग तालीमच भाईर नेतो." आणि ती घोंगडी नीट घडी करून त्यानं ठकूबाईच्या दारात आणून ठेवली.

तालीम बाहेर आली ती खिंडीखालच्या उतारावर. दगड, काटे, निसरडं. पहिल्या दिवशी बायका लाठी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या आणि उस्तादांनी सवयीनं हाक दिली, "सलामी!" बायका वाकल्या. ठकूबाईनं प्रत्येकीच्या पाठीत एक धपाटा घातला. बनाच्या पाठीत दोन.

"आये, मला दोन का?"

"तू माझी हायेस म्हनून."

मग शिकवणं सुरू झालं. उस्ताद सांगायचे पाय कसा रोवायचा, ठकूबाई म्हणायची, आता डोक्यावर पाटी घेऊन रोवा. उस्ताद मनगट दाखवायचे, ती म्हणायची, आता एका हातात पोर धरून दाखवा. लाठीचं गरगर फिरवणं तिनं काढून टाकलं, उंच उड्या काढून टाकल्या. उस्तादांच्या जिवाला लागलं. "अगं, वाडवडलांची इद्या हाय ती!" ते म्हणाले.

"इद्या खरी हाय," ठकूबाई म्हणाली. "तुमचा पाय खरा, मनगट खरं, रोजचा घाम खरा. पर समोरचा गडी खोटा. त्याला ठावं असतं तुमी कुठं मारनार. आमच्या समोरच्याला कुनी सांगितलेलं नसतं."

म्हणून तिनं तालमीच्या पोरांना वाटमारे केलं. कुणी मागून केस धरायचा, कुणी झुडपातून उडी मारायचा, आणि कधी ते सांगायचं नाही. बाई विहिरीवर असो की शेतात. बाईनं आधी बोंब मारायची, पोटातून. मग तोंडावर घोंगडी. मग नडगी. मग पळायचं. एक पोरगी म्हणाली, पळणं बरं दिसत नाही. ठकूबाई म्हणाली, "बरं दिसायला जत्रा हाय. तू घरला ये."

मग तो बाजाराचा दिवस आला. बायका खिंडीत शिरल्या, प्रत्येकीच्या खांद्यावर घोंगडी, हातात काठी. गडी सोबत नकोत असं ठकूबाईनं बजावलं होतं. उस्ताद शिवेवर थांबले. वाटमारे हसत हसत उतरले. त्यांच्या म्होरक्यानं ओळखून बनाचाच दुसरा कान धरला.

ठकूबाईनं बोंब मारली. ती बोंब ऐकून खिंडीतला कातळ वरपासून खालपर्यंत उलला, ती चीर आजही आहे, असं म्हणतात. तिच्यामागून साऱ्या बायकांनी बोंब मारली आणि झाडांवरचे पोपट पेठेपर्यंत उडाले. घोंगड्या हवेत गेल्या तेव्हा खिंडीत भर दुपारी अंधार झाला. वाटमारे अंधारात एकमेकांनाच सोटे मारत होते, आणि खालून नडग्यांवर काठ्या बसत होत्या. बनानं कान सोडवून घेतला. कसा, ते म्होरक्याला विचारा. त्याला पुढे सगळे चारबोट्या म्हणायचे.

पण फुकट काही झालं नाही. एक सोटा ठकूबाईच्या उजव्या हातावर बसला आणि कोपराचं हाड मोडलं. तो हात पुन्हा सरळ झाला नाही. मोडक्या हातानं तिनं बायका मोजून पुढे घातल्या, पळा म्हणाली, आणि सगळ्यात मागे स्वतः पळाली.

शिवेवर उस्ताद उभे होते. एकूण एक बाई शिवेच्या आत आली. मग ठकूबाई थांबली. वाकली, डाव्या हातानं माती उचलली, कपाळाला लावली. मारुतीच्या दिशेनं वाकली, मग उस्तादांना वाकली.

"आता घ्या सलामी, उस्ताद," ती म्हणाली. "पोचलो."

सुभानराव उस्तादांनी जन्मात कुणा शिष्याला उलट सलामी दिली नव्हती. त्या दिवशी ते गुडघ्यांवर बसले आणि ठकूबाईच्या पायाखालची माती त्यांनी स्वतःच्या कपाळाला लावली, असं म्हणतात. मी तर म्हणतेच.

आज तालमीच्या भिंतीवर सगळ्या उस्तादांची चित्रं रंगवली आहेत. ठकूबाईचं नाही. विचारलं तर म्हणतात, जागा नाही. मारुतीच्या शेपटीएवढी जागा नाही तिला! नसू दे. तिनं कुठे भिंतीवर लढाई केली होती? खडकवेढ्याच्या पोरी अजून त्याच उतारावर, त्याच दगडांत, पाटी डोक्यावर घेऊन शिकतात. जी आधी सलामी करते तिच्या डोक्यावर घोंगडी पडते. आणि गावची कुठलीही बाई बाहेरून आली, पेठेतून येवो, कॉलेजातून येवो, एसटीतून उतरो, शिवेच्या दगडापाशी वाकते आणि चिमूटभर माती कपाळाला लावते. आधी पोचायचं, मग वाकायचं.

गेल्या साली तालुक्याला कार्यक्रम होता. आमच्या पोरींना नऊवारी नेसवून, फेटे बांधून स्टेजवर लाठी फिरवायला बोलावलं. पाहुण्यांनी भाषण केलं की मुलींनी मर्दानी खेळ शिकावेत, आणि त्याच भाषणात, त्याच तोंडानं, मुलींनी संध्याकाळी बाहेर कशाला पडावं असंही सांगून टाकलं. टाळ्या पडल्या! मग निवेदक माइकवर पोरींना म्हणाला, चला, आता मान्यवरांना सलामी द्या.

पोरी काठ्या खाली टेकून ताठ उभ्या राहिल्या. निवेदकानं पुन्हा सांगितलं. तेव्हा सगळ्यात लहान पोर, फेटा डोळ्यांवर आलेली, माइकपाशी गेली आणि म्हणाली,

"घरी पोचल्यावर."