अध्यक्षांच्या डोक्यावरचा दिवा

गडावरच्या भुयारात पर्यटकांना फिरवून आणणाऱ्या बायकांना दहा हेडलॅम्प द्यायचे ठरले आणि गिर्यारोहण मंडळाचे अध्यक्ष खासनीस पेटीत दोन नमुने घेऊन गावात हजर झाले. एक दिवा नारळाएवढा, दुसरा लिंबाएवढा.

"हा मोठा अर्धा डोंगर उजळतो. दहाही असलेच घेऊ," खासनीस म्हणाले.

बायकांची म्होरकी चांगुणा म्हणाली, "साहेब, चार तास डोक्यावर वागवायचाय. लहान पुरे."

"दोन-दोन हंडे घेऊन चढता, आणि हा जड होतो होय?"

"हंडा घरी पोचला की उतरवता येतो. भुयारात दिवा कसा उतरवू?" चांगुणा हसली. "असं करू. मोठा तुम्ही बांधा, लहान मी बांधते. तुम्ही मोठ्याचे गुण सांगा. भाषण संपेपर्यंत तो डोक्यावर राहिला, तर दहाही मोठे."

खासनिसांनी ऐटीत पट्टा आवळला आणि सुरुवात केली. दहा मिनिटांत दिवा भुवयांवर घसरला, मग मान अवघडली. "हा इतका आरामशीर आहे की..." म्हणता म्हणता त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला आणि कपाळ चोळू लागले.

बायकांत हशा पिकला.

"बरं, तो लहान द्या इकडे," खासनीस पुटपुटले.

चांगुणाने पेटी धुंडाळली, टेबलाखाली वाकून पाहिलं.

"अगं, तुझ्या कपाळावर आहे की," बायका ओरडल्या.

खासनिसांनी दहा लहान दिवे लिहून घेतले. चांगुणा खरंच विसरली होती का, हे मात्र तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही.