बहिऱ्याला आलेली हाक

घोंगडीच्या दशांना लटकलेले पाण्याचे थेंब.

शेवाळलेल्या दगडावर पालथा घातलेला हंडा.

आपण बोलावं ते परत बोलणारा एक कडा.

एक बाई हाक मारते आहे. कुणाला, ते कळत नाही.

खांद्यावर हात. वळून पाहावं तर कुणी नाही.

भाविकहो, हे स्वप्नातलं वाटेल. पण सगळं एकाच डोंगरातलं आहे. त्या डोंगराच्या पायथ्याशी आंबेदरा नावाचं गाव. प्रभू येशूचे भक्त प्रभूदासबाबा त्या वर्षी श्रावणात तिथल्या प्रार्थनामंदिराच्या ओसरीवर मुक्कामाला होते.

मुलांना शिकवायला आणि रविवारी उपदेश करायला गमलिएल मास्तर त्याच उन्हाळ्यात शहरातून गावात आले होते. आवाज खणखणीत. आपण बोलू लागलो की पाखरंसुद्धा गप्प होतात, असं त्यांना मनापासून वाटे. एकदा मंडळीच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, की आपल्याला देवाची हाक आली आहे. खिंडीपलीकडच्या मोठ्या गावात जायचं, तिथे मोठं मंदिर उभारायचं. पंचांनी कौतुकाने माना डोलावल्या.

तेव्हा दाराशी बसलेला बारकू उठला. लहानपणीच्या तापात त्याचे कान गेले होते. तो बोले, पण सगळं एकाच सुरात, जरा मोठ्याने. दुसऱ्यांचं बोलणं तो ओठ आणि हातवारे पाहून समजून घेई. म्हणाला, "मलाबी बोलावणं आलंय. खिंडीत ऱ्हायचं. तिथं झोपडी टाकू द्या." खिंडीतली जागा मंदिराची, म्हणून पंचांची परवानगी हवी होती.

"बहिऱ्याला हाक!" मास्तर म्हणाले. "देवाने काय तुझ्या कानाशी शिंग फुंकलं होय रे?"

बैठक हसली. बारकूला हसणं ऐकू आलं नाही, पण दिसलं. तो उभाच राहिला.

बाबा हसले नाहीत. ते उठून त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी खुणेनं विचारलं, बोलावणं आलं कसं? बारकूने आपला तळवा बाबांच्या खांद्यावर ठेवला. एवढंच. बाबांचे डोळे भरून आले.

मग त्यांनी दोघांनाही एकच गोष्ट विचारली. "जिथं जायचं म्हणता, तिथं वाट कोण पाहतंय?"

"लोक जमतील, बाबा. माझा उपदेश ऐकतील," मास्तर म्हणाले.

बारकूला प्रश्न हातवारे करून समजावावा लागला. "कुणीतरी वाट चुकंल," तो म्हणाला. "तवा कुणी नको का तिथं?"

बाबा मास्तरांकडे वळून म्हणाले, "आपल्या इच्छेचा आवाजसुद्धा फार गोड असतो, मास्तर. थोडं थांबा. धुकं उतरू द्या."

झोपडीचं पंचांनी पुढच्या बैठकीवर ढकललं. मास्तर मात्र थांबले नाहीत. दुसऱ्याच सकाळी बोचकं घेऊन ते घाट चढू लागले.

खिंडीत धुकं असं दाटलं होतं, की मास्तरांना स्वतःची पावलं दिसेनात. उजवं-डावं विरघळून गेलं. आपण चालतो आहोत की तरंगतो आहोत, हेही कळेना. त्यांनी छाती भरून साद घातली, "प्रभू, येऊ का इकडे?"

धुक्यातून उत्तर आलं. "इकडे... इकडे..."

केवढा तो भारदस्त आवाज! मास्तरांचं अंग शहारलं. देवाचा आवाज असाच असणार, हे त्यांना पहिल्यापासून वाटतच होतं. ते त्या रोखाने चालले. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर, आता आणखी जवळून. ते जवळजवळ धावू लागले.

तोच खांद्यावर हात पडला. त्या हाताने त्यांना असं मागे खेचलं, की ते मटकन खाली बसले. पायाखालचा दगड सुटून पुढे गेला. तो पडल्याचा आवाज येईल म्हणून त्यांनी कान दिले. आवाज आलाच नाही.

"कोण आहे?" त्यांनी घाबरून विचारलं.

"कोण आहे... कोण आहे..." कडा म्हणाला.

आता मास्तरांनी तो आवाज ओळखला. तो त्यांचाच होता.

ते तसेच ओल्या गवतात बसून राहिले. मग धुक्यातून भिजलेली घोंगडी पांघरलेला बारकू आला. काठीचं एक टोक त्याने त्यांच्या हाती दिलं आणि गावापर्यंत सोडलं नाही.

मंदिराच्या अंगणात सगळ्यांदेखत मास्तर बारकूच्या पाया पडू लागले. "याने मला कड्यावरून मागे ओढलं," ते सांगत होते.

ओठ वाचून बारकूला ते उमगलं. त्याने पाय मागे घेतले. "म्या न्हाय. म्या ओढ्यावर हंडा भरत व्हतो. खांद्यावर हात आला. त्यो नेईल तिकडं गेलो, तर मास्तर बसल्यालेच दिसले."

मास्तरांचा हात आपसूक स्वतःच्या खांद्याकडे गेला. ते बाबांच्या पायांवर वाकले, तसं बाबांनी त्यांना उठवलं. म्हणाले, "इथं नाही." आणि मंदिराचं दार उघडलं. मास्तरांनी क्रूसापुढे जमिनीला कपाळ टेकलं, आणि प्रथमच त्यांना प्रार्थनेला शब्द सुचले नाहीत.

बाहेर आल्यावर त्यांनी पंचांकडे बारकूसाठी झोपडी मागितली. पहिला वासा त्यांनीच खांद्यावरून खिंडीत नेला.

बारकूची आई त्याच खिंडीत धुक्यात हरवली, तेव्हा त्याला अजून ऐकू येत होतं. तिच्या हाका त्याने ऐकल्या होत्या; वाट दाखवायला मात्र तिथे कुणी नव्हतं.